रेसिपीचा खोका घ्यावा का? आमच्या सात महिन्यांचा हिशेब

गेल्या महिन्यात इथे म्युनिकमध्ये नवीन आलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, तुम्ही तो रेसिपीचा खोका मागवायचात ना, मी पण घेऊ का गं, परवडतो का? मी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर टाईप करायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हटलं आता इथेच लिहून टाकू, परत कोणी विचारलं तर लिंक देता येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जर्मनीत याला कोखबॉक्स म्हणतात. वेबसाईटवर पुढच्या आठवड्याच्या रेसिपी निवडायच्या, तीन, चार, पाच, किती हव्या तेवढ्या, माणसं दोन की चार ते सांगायचं, आणि ठरलेल्या दिवशी पुठ्ठ्याचा खोका दारात. आत प्रत्येक रेसिपीची वेगळी कागदी पिशवी आणि त्यात सगळं मोजून, म्हणजे अगदी मोजून, एक कांदा, एक गाजर, लसणाची एक पाकळी, तिळाची दहा ग्रॅमची पुडी. सोबत चकचकीत कार्ड, पुढे फोटो, मागे सहा पायऱ्या. तेल, मीठ, मिरी, साखर, बटर तेवढं घरचं. आणि हो, स्वयंपाक आपणच करायचा. हे मुद्दाम सांगते कारण आईला पहिले दोन महिने वाटत होतं की आम्ही डबा लावलाय.

आम्ही घेतला तो दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात. तेव्हा दोघांनाही रोज ऑफिसला जावं लागायचं, मी यू-बानमधून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरून घरी पोचेपर्यंत साडेसात, आणि बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, दुकानं रात्री आठला बंद. रविवारी तर दिवसभर बंद, मुख्य स्टेशनातली थोडी सोडून, आणि तिथे रविवारी जी गर्दी असते ती बघून दादरचा पूल आठवतो. डोंबिवलीत रात्री दहाला चपला घालून खाली उतरून कोथिंबीर आणणाऱ्या माणसाला हे पचायलाच वर्ष लागतं. त्यात पहिल्या काही खोक्यांवर घसघशीत सूट, ऑफिसातल्या एकीने कूपन दिलं, झालं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे थोडी तक्रार आहे, आणि तशीही इथे या धंद्यात कोणीही घ्या, पद्धत तीच.

पैशांचं आधी सांगते कारण सगळ्यांना तेच हवं असतं. सूट संपल्यावर तीन रेसिपी, दोन माणसं, डिलिव्हरी धरून आम्हाला साधारण पन्नास युरो पडायचे, म्हणजे ताटामागे आठेक युरो. मी एकदा हट्टाने त्यांच्याच कार्डावरच्या पालक-न्योकीचं (न्योकी म्हणजे बटाट्याचे छोटे इटालियन गोळे) सगळं सामान सुपरमार्केटमधून आणलं, बिल अकरा युरो आणि वर काही सेंट. खोक्यातून तेच दोन ताटं सोळाला. म्हणजे दुकान स्वस्त, विषय संपला असं मी नवऱ्याला विजयी मुद्रेने सांगितलं. पण क्रेम फ्रेशचा, म्हणजे आंबटसर घट्ट क्रीमचा, अर्धा डबा उरला, थाईम नावाच्या पाल्याची जुडी फ्रीजमध्ये काळी पडली, आणि पाइन नट्सची पुडी अजून कपाटात मागे कुठेतरी असेल. खोक्यात हे उरत नाही, दोन चमचे लागतात तर दोन चमचेच येतं. त्यामुळे माझा विजय जरा पातळ झाला.

पण खरं सांगू का, ही तुलनाच चुकीची आहे. पालक-न्योकी आम्ही एरवी कधी केलं असतं? खोका आला नसता तर त्या रात्री घरात काय झालं असतं त्याच्याशी तुलना करायला हवी. ज्या दिवशी आम्ही दमून पिझ्झा मागवायचो त्या दिवसापुरता खोका स्वस्त, कारण इथे दोन पिझ्झे घरपोच म्हणजे पंचवीस-तीस युरो आरामात. आणि ज्या दिवशी कुकर लावून मुगाची खिचडी, वर तूप आणि लोणचं झालं असतं त्या दिवशी तो चैनीचा, कारण खिचडीच्या दोन ताटांना दोन युरोसुद्धा लागत नाहीत. आमच्याकडे आठवड्यातले दोन दिवस पिझ्झ्याचे होते. म्हणून मग तीनऐवजी दोनच रेसिपींचा खोका घ्यावा म्हटलं तर तो ताटामागे अजून महाग. असो.

वेळ वाचतो का? नाही. हे स्पष्टच सांगते. कार्डावर ३० मिनिटं लिहिलेलं असतं ते बहुतेक ज्याने लिहिलं त्याच्या हाताखाली दोन माणसं असताना मोजलेलं असावं. कांदा तुम्हीच चिरायचा, बटाटे तुम्हीच सोलायचे, गाजर तुम्हीच किसायचं, लिंबाची सालसुद्धा किसायला लावतात. आम्हाला पाऊण तास कधी चुकला नाही आणि भांडी? ओव्हनचा ट्रे, एक कढई, एक पातेलं, दोन बोल, किसणी. आपल्याकडे आईबापांच्या पिढीने जो वेळ वाचवला तो वेगळ्या ठिकाणी. आई व्हीटीला नोकरी करायची, परतीच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात मेथी निवडून व्हायची, गवार मोडून व्हायची, कोपऱ्यावर मोड आलेली मटकी, सोललेले वाटाणे, खवलेलं खोबरं मिळायचं, आणि पोळ्या अगदीच होणार नसतील तर पोळी-भाजी केंद्र होतंच. म्हणजे किचकट काम बाहेर आणि काय करायचं ते आईच्या डोक्यात. खोक्यात बरोबर उलटं आहे. काम सगळं तुमचं, डोकं त्यांचं.

आणि माझं म्हणणं हेच आहे की पैसे त्या डोक्याचे द्यायचे असतात. "आज काय करू?" हा जो प्रश्न आहे ना, संध्याकाळी साडेपाचला ऑफिसात मीटिंग चालू असताना मनात सुरू होतो, घरात काय आहे, काय संपलंय, काल काय झालं, परत बटाटा नको, तो प्रश्न आठवड्यातून तीन दिवस कोणीतरी काढून घेतो. नंतर मी वाचलं की या प्रकारची सुरुवातीची कंपनी २००७ मध्ये स्वीडनमध्ये निघाली, किकी थिअँडर नावाच्या बाईने काढलेली, आणि तिचं नाव होतं मिडाग्सफ्रिड. मिडाग म्हणजे तिकडचं संध्याकाळचं जेवण आणि फ्रिड म्हणजे शांती. जेवणवेळची शांती! ज्या बाईने हे नाव ठेवलं तिला काय विकायचंय ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बर्लिनमध्ये हॅलोफ्रेश २०११ ला, न्यूयॉर्कला ब्लू एप्रन २०१२ ला, ही सगळी मंडळी नंतरची.

ब्लू एप्रनवरून आठवलं. ही कंपनी २०१७ मध्ये शेअर बाजारात आली आणि २०२३ मध्ये फक्त दहा कोटी डॉलरच्या आसपास विकली गेली, एकेकाळी तिची किंमत त्याच्या कितीतरी पट होती. माझ्यासारखी गिऱ्हाईकं, अजून काय. कूपन आहे तोवर खायचं आणि संपलं की राम राम.

आता कचरा. नवरा पहिल्या दिवशीच म्हणाला एवढा पुठ्ठा, एवढ्या पुड्या, हे पाप आहे. आमच्या बिल्डिंगखाली कागदाचा निळा डबा आहे, ओल्या कचऱ्याचा तपकिरी, उरलेल्याचा काळा, पण प्लॅस्टिकचा नाही, ते पिशवीत भरून कोपऱ्यावरच्या कंटेनरपर्यंत चालत जायचं, त्यामुळे प्रत्येक पुडी डोळ्यात भरते. आणि ते बर्फाचे पॅक! आमच्या फ्रीजरमध्ये एकावेळी अकरा होते, ओल्या नारळाच्या पाकिटाला जागा नाही. पण २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी पाच पदार्थ घेऊन अभ्यास केला होता, खोक्यातून केलेलं आणि दुकानातून सामान आणून केलेलं, आणि सरासरी कार्बन खोक्याचा कमी निघाला, एका जेवणामागे ६.१ किलो, दुकानाचा ८.१. कारण अन्न वाया कमी जातं आणि दुकानांची साखळीच मधून निघते. नवऱ्याला दाखवलं, तो गप्प झाला. पण तो अभ्यास अमेरिकेतला, तिथले लोक गाडी काढून दुकानात जातात. आम्ही पिशवी घेऊन चालत जातो आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करतो. आमच्या घरी वाया जाणारं मुळात थोडं, त्यामुळे खोक्याचं थोडंफार पाप आम्हाला लागतच असेल असं मी धरून चालते.

चवीबद्दल. इटालियन, मेक्सिकन, जर्मन पदार्थ छान असायचे, खरंच छान, रताळं भाजून त्यावर हालूमी चीज आणि डाळिंबाचे दाणे असलं मी स्वतःहून जन्मात केलं नसतं. पण एकदा मी कौतुकाने "इंडियन" म्हणून दिलेली मसुराची डाळ मागवली. दोन माणसांना करी पावडरची इवलीशी पुडी, नारळाचं दूध, गाजर, आणि फोडणी नाही! कुठेच नाही. कोथिंबीर दहा ग्रॅम. इथल्या लांडवेअरश्ट्रासे नावाच्या रस्त्यावरच्या तुर्की दुकानात तेवढ्या तर काड्या आपण सांडतो. मी गुपचूप मोहरी, हिंग, कढीपत्ता असं करून वर ओतलं तर शेजारून नवरा, "अगं, कार्डावर नाहीये हे."

आता खरा मुद्दा, जो मला खोका घेताना माहीतच नव्हता. नवऱ्याला स्वयंपाक येत नव्हता. म्हणजे चहा, मॅगी, ऑम्लेट, कुकर लावणे एवढं. आळशी नाहीये, भांडी, कपडे, झाडू सगळं करतो, पण गॅससमोर उभा राहिला की दर अर्ध्या मिनिटाला हाक, "किती घालू?" आणि माझं उत्तर, "घाल अंदाजाने". त्याला अंदाज असता तर त्याने विचारलं असतं का? मला लग्नानंतर चार वर्षं हे कळलं नाही. आपला सगळा स्वयंपाक अंदाजाने, चवीपुरतं, खमंग होईपर्यंत, सुवास सुटेपर्यंत, आणि ज्याने लहानपणी ओट्याशी उभं राहून तो सुवास घेतलाच नाही, किंवा ज्याला मुलगा म्हणून कधी उभंच केलं नाही, त्याला हे म्हणजे कुलूप लावून किल्ली आत ठेवल्यासारखं आहे. कार्डाने ते कुलूप काढलं. कांदा एक सेंटीमीटर, पाणी ३०० मिली, झाकण ठेवून आठ मिनिटं. इंजिनिअर माणूस, त्याला हेच पाहिजे होतं. तिसऱ्या आठवड्यापासून बुधवार त्याचा. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे आणि आतून प्रश्न यायचे नाहीत. वर त्याचं जर्मन सुधारलं, चिरणे, किसणे, ढवळणे, लसूण ठेचणे यांची जर्मन क्रियापदं त्याला माझ्यापेक्षा जास्त येतात.

तक्रार एवढीच की हे सबस्क्रिप्शन असतं. तुम्ही नको म्हणाला नाहीत तर ते हो धरतात. तो आठवडा वगळायचा तर डिलिव्हरीच्या बरेच दिवस आधी जाऊन बटण दाबायचं. आम्ही दिवाळीला घरी गेलो आणि विसरलो. पैसे गेले, खोका आला. शेजारच्या जर्मन आजींनी घेतला, मला फोटो पाठवला, मी लिहिलं तुम्हीच करून खा, आणि त्यांनी खरंच तीनही रेसिपी केल्या आणि परत आल्यावर मला त्यातल्या एकीत मीठ कमी होतं असं सांगितलं. कस्टमर केअरने गोड बोलून काहीही परत दिलं नाही. बंद करणं मात्र सोपं, इथे २०२२ च्या जुलैपासून कायदाच आहे की ऑनलाईन घेतलेलं सबस्क्रिप्शन वेबसाईटवर बटण दाबून रद्द करता आलं पाहिजे. मी जूनमध्ये दाबलं. तोवर रेसिपी फिरून फिरून त्याच यायला लागल्या होत्या, आणि त्या रताळ्याचं तर मला तोंड बघवेना.

तर बाई, तुझ्यासाठी: नवीन शहर, नवीन नोकरी, कुठलं दुकान कुठे ते माहीत नाही, तर घे, तीन महिने घे, सूट संपेपर्यंत आणि त्यानंतर थोडे दिवस. कार्डं टाकू नकोस. मेसेजमध्ये नवरा कुकरसुद्धा लावत नाही म्हणाली होतीस, तर त्याच्यासाठी घे, खोका उघडायचा त्यानेच. पण तुम्ही दोघंही रोज वरणभात, आमटी, भाजी करून जेवणारे असाल तर नको, आठ युरोत तुर्की दुकानातून आठवड्याची भाजी येते.

आमच्याकडे आता खोका नाही, कार्डं आहेत. त्यांची नाही, आमची. नवऱ्याने पाठकोऱ्या कागदांवर आमटी, बटाट्याची भाजी, पोहे असं सगळं वजनात लिहून काढलंय, तूरडाळ १२० ग्रॅम, गूळ ८ ग्रॅम, गोडा मसाला ४. गेल्या ऑक्टोबरमध्ये इथे होकाइडो जातीचे भोपळे आले तेव्हा त्याला घारग्यांचं कार्ड करायचं होतं, म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला. भोपळा किसला, गूळ घातला, शिजवलं, सगळं ग्रॅममध्ये झालं. मग त्याने विचारलं, आई, कणीक किती? आई म्हणाली, "मावेल तेवढी." याने शांतपणे कणकेचा डबा वजनकाट्यावर ठेवला, मला मळायला लावलं, आई तिकडून अजून थोडी, अजून थोडी करत होती, आणि ती बास म्हणाली तेव्हा परत डब्याचं वजन केलं. कार्डावर लिहिलं: मावेल तेवढी = २३० ग्रॅम.

पुढच्या वेळी भोपळा जास्त पाणीदार निघाला. आता तिथे २३० खोडून २६५ आहे, ते खोडून २४०, आणि त्याखाली त्याच्याच अक्षरात, "आईला फोन".