रेषेबाहेर गेलेला लाल रंग

आज स्प्रिंगफील्डच्या म्युझियममध्ये करियर अँड आइव्ह्स या जुन्या कंपनीची शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेली चित्रं पाहिली आणि अजून मन तिथेच आहे. बर्फातली घरं, घसरगाड्या, शेतातली कामं... १९व्या शतकातल्या अमेरिकेत ही चित्रं घरोघरी भिंतीवर असायची. लहान चित्र वीस-पंचवीस सेंटांत मिळायचं, म्हणजे साध्या माणसालाही परवडायचं. न्यूयॉर्कच्या या कंपनीने १९०७मध्ये बंद होईपर्यंत ७,००० हून जास्त चित्रं काढली!

दगडावरून छापली जायची फक्त काळी रेघ. रंग हाताने. लांब टेबलाशी बायका ओळीने बसायच्या, प्रत्येकीकडे एकच रंग. आपला रंग भरला की कागद पुढे.

एका चित्रात अंगावरच्या शालीचा लाल रंग रेषेच्या केसभर बाहेर गेलाय. मी काचेला नाक लावून बघत राहिले. कुणा बाईचा हात तेवढाच हलला असेल, दिवसातलं कितवं चित्र असेल ते! तिचं नाव कुठेच नाही.

फॅनी पामरचं मात्र आहे. इंग्लंडहून आलेल्या या बाईंनी कंपनीसाठी दोनशेच्या वर चित्रं काढली. त्यांच्याबद्दल कितीतरी जास्त बोललं जायला हवं.

पुढच्या रविवारी आईला घेऊन परत जाणार आहे.