'तुमचं बरंय, तिकडे दवाखाना फुकट!'

परवा आत्याचा फोन आला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनला किती लागले ते सगळं सांगून झाल्यावर तिचं ठरलेलं वाक्य आलंच, "तुमचं बरंय बाई, तिकडे दवाखाना फुकट!" मी हो हो केलं. समोर लॅपटॉपवर ब्रिटनचा व्हिसा वाढवण्याचा अर्ज उघडा होता आणि आकडा होता ८,५३८ पौंड.

ही व्हिसाची फी नव्हे, ती वेगळी. हा हेल्थ सरचार्ज, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी इथल्या सरकारी दवाखान्यासाठी व्हिसाबरोबर भरायचे पैसे. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराच्या आतल्याला ७७६. आम्ही दोघं, लेक, तीन वर्षं. हप्ते वगैरे काही नाही, सगळे आधी मोजायचे. रुपयांत नऊ लाखांच्या पुढे जातात. नवरा कार्डाची लिमिट वाढवून घ्यायला बँकेला फोन लावून बसला होता. शिवाय पगारातून इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स नावाची सरकारी कपात शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्याइतकीच होते. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, चालते ती मुख्यतः या करांवरच.

२०१५ साली हा सरचार्ज सुरू झाला तेव्हा २०० पौंड होता. तो टप्प्याटप्प्याने वाढत पाचपट झाला, आणि शेवटची मोठी वाढ कशी झाली, ही खरी गंमत. जुलै २०२३ मध्ये डॉक्टर-शिक्षकांना पगारवाढ द्यायची होती. तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांना त्यासाठी ना कर्ज काढायचं होतं, ना कर वाढवायचे होते. मग व्हिसाची फी आणि हा सरचार्ज वाढवला. गोऱ्या मतदाराच्या खिशाला धक्का नाही!

कारण तो धक्का देऊन पाहिलेला होता. त्याआधी पंतप्रधान असलेल्या जॉन्सन यांनी आरोग्यासाठी म्हणून नॅशनल इन्शुरन्स सव्वा टक्क्याने वाढवला. एप्रिल २०२२ मध्ये लागू झाला, नोव्हेंबरात रद्द. सात महिने टिकला. एनएचएस सगळ्यांना हवी, बिल मात्र शेजाऱ्याच्या नावावर फाडायचं.

हे जुनंच आहे म्हणा. १९४८ मध्ये ही सेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी तीनच वर्षांत मंत्रिपद सोडलं, कशावरून, तर चष्मे आणि कवळ्यांना पैसे लावायचं ठरलं म्हणून. त्यांच्याबरोबर राजीनामा दिलेले हॅरॉल्ड विल्सन पुढे पंतप्रधान झाले. त्यांनी १९६५ मध्ये औषधांवरचं शुल्क काढलं आणि १९६८ मध्ये स्वतःच परत लावलं. तिजोरीपुढे तत्त्व कुठवर ताणणार! आज इंग्लंडात चिठ्ठीवरच्या दर औषधामागे ९.९० पौंड पडतात, तर वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये काहीच नाही. आमच्या केमिस्टकडे रांगेत पुढे असलेल्या आजोबांनी चिठ्ठीच्या मागे 'वय साठ किंवा जास्त' वर खूण केली, पिशवी उचलली आणि निघाले. मी दोन औषधांचे १९.८० मोजले.

मला बरीच वर्षं वाटायचं, आपल्याला इथे मत नाही, म्हणून आपल्यावर हे लादतात. तर तसं नाहीच! भारत कॉमनवेल्थमध्ये असल्याने इथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक थेट पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. फक्त यादीत नाव घालावं लागतं. मी नाव नोंदवलं आणि इथल्या मराठी ग्रुपवर तसं टाकलं. निम्म्यांना पत्ताच नव्हता.

पहिला प्रश्न आला, "फी किती?"