एकाच एफआयआरमधले दोघे

आमच्या ठाण्यात गोपनीय कामकाज माझ्याकडे आहे. पासपोर्ट, शस्त्रपरवाना, नोकरीची चारित्र्य पडताळणी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. लोकांना वाटतं, संगणकात नाव टाकलं की झालं. पण सीसीटीएनएस, म्हणजे पोलिसांची गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली, अलीकडची. जुन्या नोंदींसाठी गुन्हे रजिस्टर, अदखलपात्र गुन्ह्यांच्या नोंदी, चॅप्टर केसेस म्हणजे प्रतिबंधक कारवाईची प्रकरणं चाळावी लागतात, गावात जाऊन पोलीस पाटलांशी बोलावं लागतं.

२०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोन साक्षांकन नमुने आले, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती भरून दिलेले पडताळणीचे अर्ज. निमलष्करी दलात निवड झालेले सख्खे चुलत भाऊ. नावं टाकली तर दोघं एकाच गुन्ह्यात: २०१८, उसाच्या बांधावरून मारामारी, भारतीय दंड विधानाची बेकायदा जमाव, दंगा, मारहाण, शिवीगाळ, धमकी यांची कलमं. तेव्हा दोघांनाही जेमतेम अठरा पूर्ण झालेली. फिर्यादीने घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं घातली होती. आमच्याकडे हे सर्रास चालतं.

संगणकावर प्रकरण 'न्यायप्रविष्ट' दिसत होतं. खरं तर साक्षीदार फितूर होऊन २०२१ मध्येच सगळे निर्दोष सुटले होते. निकालाची नोंद कुणी घेतलीच नव्हती. या आळसापायी पोरांच्या नोकऱ्या अडकतात, हे बघून माझा जीव तुटतो. मी स्वतः तालुक्याच्या कोर्टात गेले, निकाल वाचला, रजिस्टरला चढवला, मगच अहवालाला हात घातला.

'आपल्यावर कधी खटला चालला आहे का?' या प्रश्नापुढे एकाने 'होय' लिहिलं होतं, खटल्याचा नंबर आणि निकालाची नक्कल जोडली होती. दुसऱ्याच्या नमुन्यात 'नाही'. ते अक्षर गोल, वळणदार. खालची सही मात्र अडखळत केलेली. अर्ज भरती अकादमीतल्या सरांनी भरला होता, हे बघताक्षणी कळलं. माहिती लपवली तर अपात्र ठराल, ही सूचना त्याच कागदावर छापलेली असते. पोरांच्या फिया घेणाऱ्यांना ती वाचायला काय होतं?

अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं आहे की किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर नेमणूक करणारा ते माफ करू शकतो, आणि खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार त्याचाच. म्हणजे निर्णय त्यांचा. आम्ही फक्त काय आहे ते कळवायचं.

पहिल्याला प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. दुसऱ्याची निवड रद्द झाली. तो ठाण्यात आला, उभाच राहिला.

"मॅडम, निर्दोष सुटलो म्हणजे केस नाहीच ना? सर तसंच म्हणाले होते."

मी त्याला 'कधी' या शब्दावर बोट ठेवून दाखवलं. तो कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, याबद्दल माझ्या मनात आज शंका नाही.

अहवालाच्या शेवटी अभिप्रायाचा रकाना असतो. पहिल्यासाठी मी त्यात लिहिलं होतं, 'गुन्हा बांधाच्या वादातून, उमेदवाराची गावात वर्तणूक चांगली.' दुसऱ्याबद्दलही पोलीस पाटील अगदी हेच बोलले होते. पण 'नाही' वाचून मला राग आला होता. फक्त गुन्हा आणि निकाल लिहून मी सही केली.

आता तो हायकोर्टात गेलाय. वकिलांनी परवा दोन्ही अहवालांच्या प्रती मागितल्या. दुसऱ्याच्या अहवालात तो रकाना कोरा आहे.