पाणी न पिणाऱ्या ताया

आमच्या विदर्भातल्या सामाजिक संस्थांमध्ये कार्यकर्त्यांनी स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलणं जरा चोरटंच काम आहे. शेजार तसा भारी. १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला आले आणि पुढे त्याचंच सेवाग्राम झालं. पवनारला विनोबा, वरोऱ्याला बाबा आमटे. अशा मुलखात ‘मी थकले’ म्हणायची छाती कोणाची होणार? बापू दर सोमवारी मौन पाळायचे, हे आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. आमच्याच एखाद्या कार्यकर्तीनं सोमवारी फोन बंद ठेवला, तर तिला समज देतो.

त्यामुळे देणगीदारांकडून ‘सेल्फ-केअर’चं एक दिवसाचं शिबिर येतं, प्राणायाम होतो, डोळे मिटून समुद्रकिनारा आठवायला सांगतात (आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही), आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा मोटारसायकलला किक मारून गावांत. शिबिराशी माझं भांडण नाही, जेवण छान असतं. पण कोणाला काय हवंय हे विचारायच्या आधीच उत्तर तयार असतं, ते मला खटकतं.

म्हणून फेलोशिपवर आलेल्या एका मुलीनं ‘डिझाइन थिंकिंग करून बघू’ म्हटलं, म्हणजे आधी माणसांची अडचण समजून घ्यायची आणि मग उपाय छोट्या प्रमाणात करून पाहायचा, तेव्हा मी हो म्हणाले, थोडी नाक मुरडूनच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलनं लोकप्रिय केलेल्या त्या पाच पायऱ्या: एम्पथी (समोरच्याला समजून घेणं), डिफाइन (प्रश्न नेमका मांडणं), आयडिएट (उपाय सुचवणं), प्रोटोटाइप (छोटा नमुना करणं), टेस्ट (तो वापरून पाहणं). शेवटच्या दोन आमच्याकडे कोणाला शिकवायला नकोत. नवं वाण आलं की शेतकरी आधी दोन तासं (ओळी) लावून पाहतो, सगळं वावर त्याच्या हवाली करत नाही. खरी मेख पहिल्या पायरीत आहे, आणि संस्थावाले नेमकी तीच गाळतात. आम्ही लोकांसाठीच काम करतो, मग लोक आम्हाला कळलेलेच, असा आमचा समज.

मीटिंगमध्ये विचारलं तर सगळे म्हणाले, ‘काही तरास नाही.’ भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावायला घेतल्या, तर चुन्याच्या भिंतीवर त्या टिकेनात, पंखा लावला की उडत. शेवटी त्या मुलीनं चिठ्ठ्या गुंडाळल्या आणि आमच्या कार्यकर्त्या ताईंसोबत गावं फिरायला लागली. आमचं काम यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, झरी जामणी, घाटंजी या पट्ट्यात, बरंचसं कोलाम पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर. एका ताईच्या पिशवीतली पाण्याची बाटली सकाळी भरलेली होती, संध्याकाळीही तेवढीच भरलेली. एप्रिलचं ऊन. मुलीनं विचारलं, पाणी का नाही पिलात? ताई हसली. “पानी पेलं तं मंग जाऊ कुठं वं बाई?”

मग एकेक जण बोलू लागली. लघवीला जळजळ, ताप, पुन्हा त्याच गोळ्या. मी या बायांसोबत वर्षानुवर्षं काम करतेय, आणि हा विषय आमच्या एकाही रिव्ह्यू मीटिंगच्या अजेंड्यावर आलेला मला आठवत नाही. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला, ते खरं. पण कितीतरी संडासांत तुराट्या आणि फवारणीचा पंप ठेवलेला असतो.

उपाय ताईंनीच काढला. प्रत्येक रस्त्यावरच्या गावांची यादी केली: कोणत्या घरी संडासात पाणी असतं, कोणती घरधनीण कटकट करत नाही, अंगणवाडीची किल्ली कोणाकडे. ती यादी डायरीच्या कव्हराच्या आतल्या बाजूला चिकटवली. झेरॉक्सचा खर्च सोडला तर फुकट. पहिल्या यादीतली दोन घरं लगेच खोडावी लागली, कारण तिथे सासू ‘कोण, कोणाची, कोणत्या जातीची’ म्हणून चौकशी करायची. नवी घरं जोडली. आता बाटल्या रिकाम्या परत येतात.

पुरुष कार्यकर्त्यांचं दुखणं पाठीचं आणि पेट्रोलच्या बिलांचं. बिलं वेळेवर काढायला लागलो, पाठ अजून दुखतेच.

सगळ्यात अवघड निघालं ते आत्महत्या झालेल्या घरच्या भेटींचं. २००५ च्या शासन निर्णयापासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते: ३० हजार हातात, ७० हजार ठेव म्हणून. पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं, आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. बिनपरवान्याच्या सावकाराचं किंवा मेव्हण्याकडून घेतलेलं कर्ज कागदावर दिसत नाही. ‘अपात्र’ म्हणजे काय, हे त्या बाईला समजावून सांगायला बहुतेक वेळा आमचीच ताई ओसरीवर बसलेली असते. तिथून उठून तिनं पुढच्या गावात जायचं आणि परसबागेचे वाफे कसे पाडायचे ते हसतमुखानं शिकवायचं. महिन्याच्या कामाच्या तक्त्यात दोन्ही भेटींची किंमत एकच: एक.

‘डिफाइन’ची पायरी मला इथे पटली. ‘कार्यकर्त्यांनी ताण कसा घालवावा’ हा आमचा आधीचा प्रश्न होता. तो बदलून ‘जड भेटीनंतरचा दिवस कसा लावायचा’ असा केला; जड भेट म्हणजे अशा घरची. जड भेट असेल त्या दिवशी दोघींनी मिळून जायचं, त्यानंतर दुसरं गाव नाही, येताना फाट्यावर चहा, असा नियम ठरवला. कोणी पाळला नाही. कारण सरळ होतं, तक्त्यात आकडा कमी दिसायचा. मग तक्ता बदलला, जड भेट दोन धरायची. देणगीदाराच्या माणसाला फोनवर हे समजवायला घाम फुटला, पण तो तयार झाला. त्यानंतर नियम चालू लागला.

रात्रीच्या बैठकांचंही असंच. बचत गटाच्या बाया दिवसभर मोह वेचायला नाही तर निंदणाला, बैठक रात्रीच होणार. आणि आमची हजेरी मात्र सकाळी दहाला! आता रात्री बैठक असली की दुसऱ्या दिवशी दुपारी यायचं.

फसलेलंही सांगते. ऑफिसात एक ‘आराम खोली’ केली होती, गादी, उशी, कुंडी. ती सरांच्या केबिनसमोर, तिथे कोण आडवं होणार? आता तिथे पोस्टरचे गठ्ठे आहेत. गेली एक गादी.

‘बर्न-आउट’वर, म्हणजे कामानं पार थकून जाण्यावर, १९७४ साली न्यू यॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी लिहिलं, ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांना पाहून. म्हणजे हा विषय मुळात आमच्यासारख्यांचाच. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणाशी जोडलं. तरी निधीच्या अर्जात कर्मचाऱ्यांसाठी चार पैसे लिहिले की पहिली काट त्यावरच. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, तेव्हापासून तर आणखीच ओढाताण. म्हणून आमचे सगळे प्रयोग झेरॉक्सच्या भावातले.

सध्या वाद पेरणीच्या सुट्टीचा. आमच्यातल्या बहुतेकांची दोन-चार एकर कोरडवाहू शेती आहे, आणि सुट्टीचा अर्ज आठ दिवस आधी द्यायचा असा नियम. “पानी का तारीख सांगून येते?” असं एका भाऊंनी विचारलं, त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. यंदा मिरगात नुसत्या फोनवर दोन दिवस सुट्टी देऊन पाहायचं ठरतंय. फक्त अकाउंटंट भाऊ अडून बसलेत. त्यांना वावर नाही. “मंग मले कायची सुट्टी?” म्हणतात. शनिवारी त्यावरच बसणार आहोत.