अटॅक की ऊन? एमएस आणि नागपूरचा मे महिना

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हे निदान माझ्या वाट्याला हप्त्याहप्त्याने आलं. डावा डोळा हलवला की आत दुखायचं आणि लाल रंग विटलेल्या कापडासारखा दिसायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा चांगला आहे, मागच्या नसेला सूज आहे, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. मग एमआरआय. मेंदूत पांढरे ठिपके, त्यातले काही जुने, काही ताजे. शिरेतून गॅडोलिनियम सोडल्यावर ताजे ठिपके चमकतात, म्हणून ओळखू आले.

घरात खरी धास्ती होती पाठीतलं पाणी काढण्याची. मणक्यात सुई गेली की माणूस अधू होतो, हे आमच्या आळीत प्रत्येकाला ठाऊक! मला सुईपेक्षा नंतरच्या डोकेदुखीने जास्त छळलं. आडवं पडलं की थांबायची, उठलं की सुरू. रक्तात अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग या अँटिबॉडीही तपासल्या. या चाचण्यांना लोक वैतागतात, पण त्या टाळू नयेत. एनएमओ नावाचा आजार एमएससारखाच दिसतो आणि एमएसची काही औषधं त्यात उलटतात.

सासूबाईंचा एकच प्रश्न होता, "लकवा आहे का वं हा?" लकवा नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मणक्यातल्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, त्यामुळे संदेश अडखळतात. स्टेरॉइडची सलाइन घेतली, तोंडाला लोखंडाची चव, रात्रभर टक्क जाग. नजर हळूहळू बरीचशी परतली. पुढचे अटॅक, म्हणजे आजाराचे नवे झटके, कमी व्हावेत म्हणून डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूल सुरू झाल्या, दिवसातून दोनदा. त्यांनी चेहरा लालबुंद होऊन भणभणतो. भरल्या पोटी घेतल्यास त्रास कमी होतो. मध्ये मध्ये रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मोजाव्या लागतात.

इथवरचं कुणीही डॉक्टर सांगेल. माझी खरी शिकवणी पहिल्या मे महिन्यात झाली.

पारा 45 च्या घरात. बँकेतून दुपारी घरी आले, जिना चढले आणि डावा डोळा पुन्हा धूसर. पाय लाकडाचे. मी धरूनच चालले, दुसरा अटॅक आला. आता पुन्हा अ‍ॅडमिट, पुन्हा स्टेरॉइड. फोनवर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आधी अंग थंड करा, ताप मोजा, लघवी तपासून घ्या. उतरलं तर उन्हाचं. 24 तासांनंतरही राहिलं तर माझ्याकडे या." कूलरसमोर ओला टॉवेल मानेवर टाकून बसले. चहाच्या वेळेपर्यंत समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे सरळ झाले.

याला उटहॉफचा परिणाम म्हणतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफ यांनी 1890 मध्ये तो नोंदवला. आवरण गेलेल्या नसेतून संदेश कसाबसा जात असतो, अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडू शकतो. नवी इजा होत नाही, जुनीच जागा उघडी पडते. एमआरआय नव्हता तेव्हा एमएसचा संशय असलेल्या माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहायचे. नागपूरकरांना टबाची काय गरज?

ताप आणि जंतुसंसर्गानेही हेच होतं, म्हणून लघवी तपासायची. नुसत्या उन्हाच्या त्रासाला स्टेरॉइड लागत नाही. मात्र नवं लक्षण ताप, जंतुसंसर्ग नसताना 24 तासांहून जास्त टिकलं, तर घरी बसायचं नाही.

आता मार्च उजाडला की वाळ्याच्या ताट्या बदलून घेतो. स्वयंपाक सकाळी उरकायचा, भाकरी थापणं उन्हाळाभर बंद. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, कारण मी दिसते ठणठणीत. थकव्याचं तर कुणालाच दाखवता येत नाही, झोपून उठलं तरी तो तिथेच. दमट हवेत कूलर निरुपयोगी, म्हणून जूनच्या सुरुवातीचे दिवस मला मेपेक्षा जड जातात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएस आहे. प्रमाणपत्राच्या तपासणीला मला सकाळच्या गारव्यात बोलावलं आणि मी सरळ रेषेत चालून दाखवलं. टक्केवारी काय मिळाली असेल ते समजून घ्या. दुपारी दोनला बोलावलं असतं तर वेगळी बाई दिसली असती.

आणखी एक. जागतिक एमएस दिवस 30 मे रोजी असतो, म्हणजे आमच्याकडे ऐन नवतप्यात. विदर्भात कार्यक्रम घेणाऱ्यांना विनंती आहे की वेळ सकाळी सातची ठेवा, हॉल तळमजल्यावरचा घ्या, आणि त्यात एसी चालू आहे ना, हे आदल्या दिवशी बघून या.