हातातून सुटलेला दगड

“दगड सोडला की ती नुसती बघतच राहते?” २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधला कर्लिंगचा, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत लक्ष्यवर्तुळात नेण्याच्या खेळाचा, अंतिम सामना पाहताना मुलीने आज विचारले, आणि मला चटकन उत्तर सुचले नाही.

स्कॉटलंडच्या रोना मार्टिनने सोडलेला तो शेवटचा, जवळपास २० किलोंचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून संथपणे वळत गेला, दोघी सहकारी ब्रशने पुढचा बर्फ घासत त्याच्यासोबत सरकत राहिल्या, आणि ब्रिटनने स्वित्झर्लंडला ४-३ असे हरवले.

पुढे रोनाच ब्रिटनच्या संघाची प्रशिक्षक झाली. २०१४मध्ये सोची ऑलिंपिकमध्ये ईव्ह म्युअरहेडच्या नेतृत्वाखाली त्या संघाने कांस्यपदक मिळवले, तेव्हा तर दगडही रोनाच्या हातात नव्हता. त्याच वर्षी तिचे सुवर्णपदक डम्फ्रीसच्या संग्रहालयातून चोरीला गेले, हे मात्र मला फार लागले.

मुलीने व्हिडिओ पुन्हा मागे नेला. या वेळी ती दगडाकडे नव्हे, रोनाच्या चेहऱ्याकडे पाहत होती.