आसा अहिराचा फोटो

शिरपूरला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. इतिहासात एमए केलंय, पण पोट भरतं ते प्लॉटरवर. त्या दिवशी ऑर्डर आली ती दहा बाय वीसच्या बॅनरची. वर 'राजा आसा अहिर जयंती', मधोमध राजाचा फोटो, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा आणि त्याखाली शुभेच्छुक. जयंतीला रविवार धरला होता, कारण हॉल त्याच दिवशी मोकळा होता.

"तारखा काय टाकू?" मी विचारलं.

"त्या तूच टाक ना भो. तुले इतिहास माहीत शे."

फोटो मात्र त्यांनी आणला होता. पिळदार मिशा, मोत्यांच्या माळा, मुकुट. हे गृहस्थ मला रोज रात्री जेवताना टीव्हीवर दिसायचे, भलत्याच राजाच्या कामात. तसं सांगितलं तर बरोबरचा पोरगा म्हणाला, "मिशा बदलून टाका, कोणाला कळणारंय!"

त्यांच्यात थाळनेरचे एक बाबा होते. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "राजा कसा दिसे, हाई कोनले माहीत शे? तू जे खरं ते सांग."

खरं सांगायचं तर असीरगडाचा धनी आसा अहिर याची सगळी कथा येते ती मुख्यतः फरिश्ता या फारसी इतिहासकाराकडून. असीरगड खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या हातात गेला इ.स. १४०० च्या सुमारास आणि फरिश्त्याने लिहिलं त्यानंतर दोनशे वर्षांनी. फारुकींचा पहिला राजा मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याच्या थोरल्या मुलाकडे, नसीरखानाकडे, लळिंगचा किल्ला आला, धाकट्याकडे थाळनेर. नसीरला असीरगड हवा होता, पण सातपुड्यातला तो गड लढून घेणं सोपं नव्हतं. म्हणून त्याने आसाला निरोप धाडला, शत्रू टपलेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा द्या. पहिल्या दिवशीच्या डोल्यांत खरंच बायका होत्या. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांत हत्यारबंद माणसं. आसा आणि त्याची मुलं स्वागताला पुढे आली, ती तिथेच कापली गेली.

पोरगा टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "हेच टाका बॅनरवर!"

माझी अडचण तिथेच होती. डोल्यांतून सैनिक ही गोष्ट चितोडच्या पद्मिनीच्या कथेतही आहे आणि १५३८ मध्ये शेरशहाने रोहतासगड घेतला तेव्हाचीही तीच सांगतात. इतक्या ठिकाणी एकच युक्ती चालते तेव्हा मला ती घडलेली कमी आणि सांगितलेली जास्त वाटते. पण दुसरी बाजूही आहे. फरिश्ता काही आसाच्या दरबारचा भाट नव्हता, तरी त्याच्या गोष्टीत विश्वासघातकी ठरतो तो जिंकणारा सुलतान. काहीतरी वाईट घडलं असावं आणि दोनशे वर्षांत त्याला डोल्या चिकटल्या असाव्यात, असं माझं मत. आपल्याकडे कोणी बांधलं ते ठाऊक नसलेलं प्रत्येक दगडी देऊळ गवळी राजाच्या नावावर जमा होतंच की.

बाबांना त्याच कथेतली दुसरी गोष्ट सांगितली. खानदेशात मोठा दुष्काळ पडला. आसाकडे हजारो गाई-म्हशी आणि धान्याची भरलेली कोठारं. त्याची माणसं ते धान्य विकत होती. बायको म्हणाली, फुकट वाटा. मग कोठारं उघडली आणि लोकांच्या हाताला काम म्हणून गडाचा तट बांधायला घेतला. थोडक्यात रोजगार हमी! त्या बायकोचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. आता हेही तंतोतंत घडलं याचा दाखला माझ्याकडे नाही, पण गुरं राखणारा धनी माणूस दुष्काळात असा मोठा होतो, हे डोल्यांपेक्षा मला पटतं.

बाबांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "हाईच टाक. आनि त्या टीव्हीवालाले काढी टाक."

पोरगा रुसला, पण बाबांपुढे बोलला नाही. तारखांच्या जागी 'इ.स. १४०० च्या सुमारास' टाकलं. मजकूर एकच ओळ, 'दुष्काळात कोठारं उघडणारा राजा'. फोटो असीरगडाच्या तटाचा.

प्रूफ काढलं तर राजाच्या चेहऱ्याची जागा मोकळी दिसायला लागली. पोरगा लगेच खुलला. शुभेच्छुकांचे बावीस फोटो आधी पासपोर्ट साइझचे होते, ते दुप्पट करून घेतले आणि स्वतःचा सगळ्यात वर लावला.